राजीनामा लिहून घेतल्यानंतरची मुलाखत: नोकरी का सुटली, हे कसे सांगावे

जळगावच्या एमआयडीसीतील पाइप, चटई किंवा डाळीच्या कारखान्यात, धुळ्याच्या अवधान परिसरात, शिरपूरच्या सूतगिरणीत किंवा नवापूरच्या एखाद्या युनिटमध्ये काम करणाऱ्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडावर क्वचितच सांगितले जाते. बहुधा त्याला केबिनमध्ये बोलावले जाते, समोर कोरा कागद ठेवला जातो आणि ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ एवढे लिहून घेतले जाते. घरी परतल्यावर पुढचे काही दिवस हिशोब, कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी यांच्या विचारात जातात. खरी अडचण पहिल्या मुलाखतीत उभी राहते, कारण तिथे ‘आधीची नोकरी का सोडली?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेकांनी ठरवलेले नसते.

जळगावातील एका पाइप कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करत असताना मीही याच मार्गाने बाहेर पडलो. पुढे काही काळ नाशिकला नोकरी केली आणि आता पुन्हा जळगावात असून, माझ्या विभागासाठी नवी माणसे निवडताना मुलाखतीला बसण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळून पाहिल्यामुळे एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. केवळ मागच्या कंपनीने कमी केले म्हणून उमेदवार नाकारला गेल्याचे मी फार कमी वेळा पाहिले आहे. मात्र त्याचे बोलणे एक, बायोडेटा दुसरे आणि कागद तिसरेच सांगत आहेत असे दिसले, की चांगल्या कामगाराचीही फाइल बाजूला पडते.

म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एकाच सूत्राभोवती आहेत. तुमची नोकरी कशी सुटली याची नोंद चार ठिकाणी असते: तुमच्या तोंडच्या उत्तरात, बायोडेटात, कागदपत्रांत आणि जुन्या कंपनीने फोनवर दिलेल्या माहितीत. या चारही ठिकाणी एकच हकीकत राहिली पाहिजे आणि ती खरी असली पाहिजे.

१. नेमके काय घडले, ते आधी कागदावर लिहा

‘काढून टाकले’ या एका शब्दात अनेक निरनिराळे प्रकार मिसळलेले असतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. तुमचा प्रकार कोणता, हे मुलाखतीच्या तयारीआधी ठरवा.

पहिला आणि आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मागून घेतलेला राजीनामा. कागदावर तो राजीनामाच असतो, त्यामुळे ‘मला काढले’ असे सांगितल्यास कागद तुमच्या विरोधात जातो, आणि ‘मी स्वतःहून सोडली’ असे सांगितल्यास जुन्या कंपनीतील कोणीतरी वेगळे बोलून जातो. यातून मार्ग आहे; तो चौथ्या पायरीत सविस्तर दिला आहे.

दुसरा प्रकार कपातीचा. ऑर्डर घटल्या, शिफ्ट बंद झाली, मशीन दुसऱ्या प्लांटला गेली, मालकी बदलली. यात तुमच्या कामाबद्दल कोणतीही तक्रार नसते, त्यामुळे सांगायला हा प्रकार सर्वांत सोपा. तुम्ही कायद्याच्या व्याख्येतील कामगार असाल आणि सलग एक वर्ष सेवा झाली असेल, तर कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळण्याची तरतूद आहे. अनेकदा राजीनामा लिहून घेण्यामागे हीच रक्कम टाळण्याचा हेतू असतो. अजून सही केली नसेल, तर हे लक्षात ठेवा आणि सही करण्यापूर्वी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात किंवा जाणकार वकिलाकडे एकदा चौकशी करा.

तिसरा प्रकार ठेकेदारामार्फत लागलेल्यांचा. ठेका संपला किंवा ‘ब्रेक’ दिला गेला, तर तसेच सांगावे. वरणगावच्या आयुध निर्माणीत, दीपनगरच्या औष्णिक केंद्रात किंवा रेल्वेच्या कामावर ठेक्याने राबलेल्या माणसांना हे सांगताना संकोच वाटतो, पण मुलाखत घेणाऱ्याला ठेका म्हणजे काय हे पूर्ण ठाऊक असते. बायोडेटात मात्र ठेकेदाराचे नाव आणि कामाचे ठिकाण अशा दोन्ही गोष्टी लिहा. नुसते मोठ्या कंपनीचे नाव लिहिले, तर पीएफच्या नोंदीत ठेकेदाराचे नाव निघते आणि विनाकारण खोटे ठरण्याची वेळ येते.

चौथा प्रकार कामाबद्दलच्या नाराजीचा, म्हणजे प्रोबेशननंतर कायम न करणे, उद्दिष्ट पूर्ण न झाल्याने कमी करणे किंवा नव्या साहेबांशी न जुळणे. पाचवा प्रकार शिस्तभंगाचा, ज्यात चौकशी होऊन लेखी आदेश निघालेला असतो. हे दोन प्रकार सांगायला अवघड आहेत, पण अशक्य नाहीत.

याशिवाय एक प्रकार भगिनींच्या वाट्याला येतो. बाळंतपणाच्या रजेनंतर परतलेल्या स्त्रीला ‘आता तुमची जागा भरली’ असे सांगितले जाते किंवा मुद्दाम रात्रपाळी लावून तिला राजीनाम्यापर्यंत आणले जाते. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदीनुसार अशा रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही आणि २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे. मुलाखतीत मात्र या अन्यायाची कहाणी सांगण्याची गरज नाही. ‘बाळंतपणाच्या रजेनंतर माझी जागा उपलब्ध नव्हती, आता मी पूर्णवेळ कामासाठी तयार आहे’ हे उत्तर पुरेसे आहे. मुलाला कोण सांभाळणार, असे विचारले गेले तर ‘घरी व्यवस्था झालेली आहे’ एवढेच सांगावे. त्यापुढचा तपशील देण्यास तुम्ही बांधील नाही.

२. कागदपत्रे जमवा

मुलाखतीची तारीख येण्याची वाट पाहू नका. नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जुन्या कंपनीतील माणसे ओळख ठेवतात, फोन उचलतात. पुढे तीच माणसे बदलून जातात. पुढील कागद एका फाइलमध्ये क्रमाने लावावेत.

• नियुक्तीपत्र, आणि पगारवाढीची किंवा बढतीची पत्रे
• राजीनाम्याची प्रत आणि तो स्वीकारल्याचे पत्र किंवा ईमेल
• रिलीव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचे पत्र) व अनुभव प्रमाणपत्र
• शेवटच्या तीन ते सहा महिन्यांच्या पगार पावत्या
• पगार जमा झाल्याचे दाखवणारे बँकेचे स्टेटमेंट
• फुल अँड फायनल हिशोबाचा कागद
• पगारातून कर कापला गेला असल्यास फॉर्म १६
• यूएएन (पीएफ सभासदाचा कायम राहणारा क्रमांक) आणि पीएफचे पासबुक
• आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवीची प्रमाणपत्रे, आधार व पॅन

यांपैकी पीएफच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. पीएफच्या संकेतस्थळावर तुमच्या सेवेच्या इतिहासात प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि ती सोडल्याची तारीख दिसते. नवी कंपनी पडताळणी करताना सर्वप्रथम हीच नोंद पाहते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर तुम्ही अजून तिथेच काम करत आहात असे दिसते आणि नव्या एचआरला दोन ठिकाणच्या नोकरीचा संशय येतो. कंपनीकडून तारीख भरून घेण्याचा प्रयत्न आधी करा. ते शक्य झाले नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने उलटल्यावर सभासदाला स्वतःच्या लॉगिनमधून ही तारीख नोंदवता येते; त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो. एकदा नोंदवलेली तारीख सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून राजीनाम्याच्या स्वीकृतीपत्रावरील तारीख समोर ठेवूनच ती भरा.

याच ठिकाणी एक दिलासा देणारी बाब सांगतो. पीएफच्या नोंदीत सोडण्याचे कारण ठरावीक आणि अगदी ढोबळ प्रकारांपैकी एक म्हणून येते. तुम्हाला केबिनमध्ये बोलावून काय सांगितले गेले, कोण रागावले, कोणी तक्रार केली, यांपैकी काहीही तिथे लिहिलेले नसते.

रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवणे हा आपल्याकडील लहान कारखान्यांत नेहमी दिसणारा प्रकार आहे. ‘मालक बाहेरगावी आहेत, पुढच्या सोमवारी या’ असे म्हणून माणसाला फेऱ्या मारायला लावतात. तोंडी विनंतीवर थांबू नका. आपल्या खाजगी ईमेलवरून एचआरला सभ्य शब्दांत लेखी मागणी पाठवा, त्यात रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, पद आणि परत केलेल्या वस्तूंचा, म्हणजे ओळखपत्र, सेफ्टी शूज, मोजमापाची साधने, लॅपटॉप यांचा उल्लेख करा. उत्तर आले नाही तरी हा ईमेल तुमच्या फाइलमध्ये राहतो आणि नव्या कंपनीला दाखवता येतो. नियुक्तीपत्र, पगार पावत्या, बँकेचे स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक हे चार कागद एकमेकांशी जुळत असतील, तर रिलीव्हिंग लेटरशिवायही पुष्कळ कंपन्या रुजू करून घेतात.

कंपनीचा ईमेल बंद होण्यापूर्वी स्वतःची नियुक्ती, पगार आणि कौतुकाची पत्रे जतन करणे योग्य आहे. ग्राहकांच्या याद्या, दरपत्रके, मिक्सिंगचे फॉर्म्युले किंवा ड्रॉइंग मात्र अजिबात सोबत आणू नका. मुलाखतीत असा कागद अभिमानाने दाखवणारा उमेदवार मी पाहिला आहे. उद्या आमचेही कागद हा असाच बाहेर नेईल, हा विचार समोरच्याच्या मनात त्याच क्षणी येतो.

हिशोबाच्या बाबतीत थोडक्यात: शिल्लक रजेचे पैसे, बोनसचा वाटा, नोटीस पगार आणि सलग ५ वर्षे सेवा झाली असल्यास ग्रॅच्युइटी धरली आहे का, हे तपासूनच ‘काही येणे बाकी नाही’ या कागदावर सही करा.

३. जुन्या कंपनीकडून काय सांगितले जाईल, ते आधी विचारून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते मुलाखतीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. मोठ्या शहरात पडताळणीचे काम बाहेरच्या संस्थेकडे दिले जाते आणि तारीख, पद व पगार एवढ्यावर ते संपते. जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात तसे होत नाही. इथे एका कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर दुसऱ्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरला ओळखतो, दोघांचे गाव यावल किंवा पारोळा तालुक्यातले निघते, लग्नकार्यात भेट होते, आणि ‘तुमच्याकडचा अमुक आमच्याकडे आला होता, कसा आहे?’ हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत विचारला जातो.

त्यासाठी राजीनामा देतानाच किंवा त्यानंतर लगेच एचआरला शांतपणे विचारा: ‘सर, माझ्याबद्दल चौकशीचा फोन आला, तर सोडण्याचे कारण काय सांगितले जाईल?’ राजीनामा घेणाऱ्या माणसालाही आतून अवघडलेपण असते, त्यामुळे या वेळी मागितलेली वाजवी गोष्ट बहुधा मिळते. ‘विभागाची पुनर्रचना झाली, त्यामुळे पद राहिले नाही’ अशा एखाद्या वाक्यावर दोघांचे एकमत झाले, तर तेच वाक्य तुमच्या बायोडेटात, फॉर्मवर आणि तोंडी उत्तरात वापरा. शक्य असेल तर ते अनुभव प्रमाणपत्रात किंवा निदान ईमेलमध्ये लिहून घ्या.

संदर्भासाठी नावे देताना तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस निवडा. तुमच्याआधी दुसरीकडे गेलेला शिफ्ट इन-चार्ज, निवृत्त झालेले फोरमन, ऑडिटला येणारे ग्राहक कंपनीचे इन्स्पेक्टर हे सगळे चालतात. त्यांना आधी फोन करून परवानगी घ्या आणि नोकरी कशी सुटली हेही त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या.

४. उत्तर बांधा: कारण, हिशोब, काम

चांगले उत्तर एका मिनिटाच्या आत संपते आणि त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात कारण एका-दोन वाक्यांत सांगावे. दुसऱ्या भागात निरोप कसा झाला, म्हणजे नोटीस पूर्ण केली का, चार्ज दिला का, हिशोब झाला का, ते यावे. तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या भागात तुम्ही तिथे काय काम करत होता आणि ते या कंपनीच्या कामाला कसे लागू पडते, ते यावे.

चटई कारखान्यातील एका शिफ्ट इन-चार्जचे उदाहरण घेऊ. मुलाखत घेणारा बायोडेटावर पेन फिरवतो, शेवटच्या नोकरीच्या तारखेपाशी पेन थांबवतो आणि विचारतो, ‘मार्चनंतर काही दिसत नाही. का सोडली?’

अडचणीत आणणारे उत्तर असे असते: ‘साहेब, तिथे नवीन मॅनेजर आले, त्यांना त्यांची माणसे भरायची होती. मी सात वर्षे रात्रंदिवस काम केलं, सुट्टी घेतली नाही, पण त्याची कदर नाही. राजकारण फार होतं.’ यातील प्रत्येक शब्द कदाचित खरा असेल. तरीही समोरच्याला यातून फक्त एक भांडण दिसते आणि त्यात चूक कोणाची, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते.

त्याऐवजी हे पाहा: ‘साहेब, आमच्याकडे ऑर्डर कमी झाल्यावर तीन शिफ्टच्या जागी एकच शिफ्ट ठेवली. शिफ्ट इन-चार्जच्या तीन जागांपैकी एकच राहिली आणि ती सर्वांत जुन्या सहकाऱ्याला मिळाली. कंपनीने आम्हा दोघांना राजीनामे द्यायला सांगितले, ते आम्ही दिले. नोटीस पूर्ण करून, चार्ज देऊन मी निघालो. माझ्याकडे बारा लूम होते. धागा तुटून लूम थांबत, त्याचा शिफ्टवार तक्ता मी सुरू केला होता, त्यामुळे कोणत्या लूमवर वारंवार अडचण येते ते मेंटेनन्सला आधीच कळायचे. तुमच्याकडे नवीन लूम बसवले आहेत असे समजले, म्हणून अर्ज केला.’

या उत्तरात राजीनामा आहे, तो मागून घेतला होता हेही आहे, पण दोन्ही गोष्टी सरळ आवाजात येऊन जातात. कागदावर ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेले असले, तरी अडचण येत नाही, कारण राजीनामा मागितला की त्यावर काय मजकूर लिहून घेतात, हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत असते. तोंडी उत्तरात मात्र ‘वैयक्तिक कारण’ हे शब्द वापरू नयेत असे माझे ठाम मत आहे. ते ऐकले की पुढचा प्रश्न आजारपण, घरातील वाद किंवा कर्ज याकडे वळतो आणि तुम्ही नसलेली गोष्ट रचायला लागता.

कामाबद्दलच्या नाराजीमुळे नोकरी गेली असेल, तर कारण थोडे अधिक मोकळेपणाने सांगावे लागते. समजा, गुणवत्ता विभागातून तुम्हाला विक्रीत घातले आणि तिथे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही. तर असे म्हणता येईल: ‘मला विक्रीचे काम दिले होते, त्यात कंपनीच्या अपेक्षेइतकी ऑर्डर मी आणू शकलो नाही आणि प्रोबेशननंतर मला कायम केले नाही. त्याआधीची चार वर्षे मी पाइपच्या तपासणीत होतो. आयएस ४९८५ या मानकाप्रमाणे जाडी, व्यास आणि दाब चाचणी मी रोज करत होतो आणि अर्ज त्याच कामासाठी केला आहे.’ कमतरता एका वाक्यात आली आणि लगेच ज्या कामात हात बसलेला आहे, तिथे बोलणे पोहोचले. समोर बसलेला माणूस तुम्हाला दाब चाचणीविषयी विचारू लागला, तर समजा की मुलाखत योग्य वाटेवर आली आहे.

शिस्तभंगाच्या प्रकरणात लेखी आदेश असतो, त्यामुळे लपवण्याचा प्रयत्नच करू नये. काय घडले ते दोन वाक्यांत सांगा, त्यानंतर तुमच्या वागण्यात किंवा कामाच्या पद्धतीत काय बदलले ते एका उदाहरणाने सांगा आणि थांबा. प्रकरण न्यायालयात असेल, तर ‘विषय न्यायप्रविष्ट असल्यामुळे तपशिलात जाता येत नाही’ हे उत्तर योग्य आहे. वकिलाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे बोलू नका.

५. उपप्रश्नांची तयारी

पहिल्या उत्तरानंतर खोलवर जाणारे प्रश्न येतात. त्यांची तयारी नसेल, तर पाठ केलेले उत्तर तिथेच कोसळते.

‘बाकीचे राहिले, मग तुम्हीच का?’ हा सर्वांत बोचरा प्रश्न. निकष माहीत असेल तर तो सांगा: ज्येष्ठता, विभाग, शिफ्ट, पगाराची श्रेणी. माहीत नसेल तर ‘निर्णय वरिष्ठ पातळीवर झाला, मला निकष सांगितला गेला नाही, माझ्या कामाबद्दल लेखी तक्रार नव्हती’ असे सांगा. अर्थात, तक्रार खरोखरच नसेल तरच.

‘तुमच्या जुन्या साहेबांना फोन करू का?’ यावर क्षणभरही घुटमळू नका. ‘हो, जरूर करा’ म्हणा आणि संबंध चांगले नसतील, तर पुढे जोडा: ‘त्यांच्यासोबत माझे शेवटचे सहाच महिने गेले, त्याआधीचे माझे इन-चार्ज आता अमुक ठिकाणी आहेत, त्यांनाही विचारले तर माझ्या कामाची पूर्ण माहिती मिळेल.’

‘मधले महिने काय केले?’ खानदेशातील बहुसंख्य उमेदवारांचे खरे उत्तर ‘शेती पाहिली’ असे असते आणि ते सांगताना अनेकांचा आवाज खाली जातो. तसे होण्याचे कारण नाही. मात्र उत्तर नेमके असावे. ‘घरी केळीचा बाग आहे, ठिबकची देखभाल आणि कापणीच्या वेळचा मजुरांचा व वाहतुकीचा हिशोब मी सांभाळला’ असे रावेरच्या उमेदवाराने सांगितले, तर मेंटेनन्स किंवा स्टोअरच्या जागेसाठी ते उत्तर उपयोगी पडते. कापसाच्या वेचणीत किंवा जिनिंगच्या हंगामात काम केले असेल, तेही सांगावे. जळगावचा मुलाखतकार हे लगेच समजतो. पुण्यात किंवा सुरतेत ‘शेती पाहिली’ याचा अर्थ ‘रिकामा बसला होता’ असा घेतला जाण्याची शक्यता असते, म्हणून तिथे महिने आणि जबाबदारी स्पष्ट सांगावी. या काळात एखादा कोर्स केला असेल, तर त्याचे प्रमाणपत्र फाइलमध्ये असू द्या.

‘पूर्वीचा पगार किती होता?’ यात एक रुपयाही वाढवून सांगू नका. पगार पावती आणि बँकेचे स्टेटमेंट मागितले जाते, आणि पीएफच्या हप्त्यावरून मूळ पगाराचा अंदाज कोणालाही बांधता येतो. अपेक्षित पगार मात्र मोकळेपणाने सांगता येतो. नोकरी गेलेली आहे म्हणून पहिल्याच आकड्याला मान डोलावण्याची घाई करू नका. बाजारात त्या कामाला काय मिळते हे दोन-तीन ओळखीच्या माणसांकडून आधी विचारून ठेवा.

६. फॉर्मवरचे रकाने

मुलाखतीपूर्वी हातात दिला जाणारा अर्जाचा फॉर्म घाईघाईत भरू नका, कारण पुढे वाद झाला तर कंपनी तोच कागद काढते. ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पुनर्रचनेमुळे पद कमी झाले, राजीनामा दिला’, ‘ठेका संपला’, ‘प्रोबेशननंतर सेवा समाप्त’ असे चार-पाच शब्दांचे खरे कारण लिहा. ‘चांगल्या संधीसाठी’ असे लिहिणारे पुष्कळ असतात. पुढची नोकरी हातात नसताना सोडलेल्या नोकरीला हे कारण शोभत नाही आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते.

काही फॉर्मवर ‘तुम्हाला कधी कामावरून काढण्यात आले आहे का?’ असा थेट प्रश्न असतो. कागदोपत्री राजीनामा असेल तर ‘नाही’ हे उत्तर कागदाशी जुळते. शेजारी ‘कंपनीच्या विनंतीवरून राजीनामा’ असे लिहिले, तर पुढे कोणालाही बोट ठेवता येत नाही. सेवासमाप्तीचे पत्र असेल तर ‘होय’ लिहून कारण जोडा. फॉर्मच्या तळाशी माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करता येईल अशी अट असते आणि रुजू झाल्यानंतर अनेक महिन्यांनीही ती लागू करता येते.

तारखा वाढवून मधला काळ झाकण्याचा सल्ला ओळखीचे लोक आणि काही कन्सल्टन्सीवाले बिनदिक्कत देतात. पीएफच्या नोंदीमुळे हा प्रकार पकडला जातो, म्हणून तो सल्ला ऐकू नका. नोकरी लावून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या किंवा बनावट अनुभव प्रमाणपत्र देऊ करणाऱ्या माणसापासूनही दूर राहा. नोकरी गेलेल्या माणसाची निकड ओळखूनच ते येतात.

७. भाषा आणि सराव

स्थानिक कारखान्यात मुलाखत मराठीतच होते, सुरतेकडे हिंदीत, आणि पुण्याच्या मोठ्या कंपनीत सुरुवात इंग्रजीत होऊन पुढे मराठी-हिंदीवर येते. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या उमेदवाराने प्रमाण मराठीत अडखळलो म्हणून खचून जाऊ नये. कारणाची दोन वाक्ये तेवढी प्रत्येक लागणाऱ्या भाषेत तयार ठेवावीत. हिंदीत, उदाहरणार्थ: ‘हमारा सेक्शन दूसरे प्लांट में चला गया, इसलिए मेरी पोस्ट नहीं रही. कंपनी के कहने पर मैंने इस्तीफ़ा दिया.’

सराव मोठ्या आवाजात करा. मोबाइलवर उत्तर रेकॉर्ड करून ऐकले, की आवाज कुठे चढतो आणि कुठे स्पष्टीकरण लांबते, ते कळते. शक्य असल्यास कारखान्यातील नोकरीचा अनुभव असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, मामांना किंवा शेजारच्या आप्पांना, मुलाखतकार म्हणून समोर बसवा आणि त्यांना मुद्दाम आडवे प्रश्न विचारायला सांगा. जखम ताजी असेल आणि सरावातही गळा दाटून येत असेल, तर सर्वांत हव्याशा कंपनीची मुलाखत पहिली देऊ नका. आधी एक-दोन लहान ठिकाणी जाऊन या.

८. निवड झाल्यानंतर

नवी कंपनी रुजू करताना पीएफचा फॉर्म ११ भरून घेते. त्यात आधीचा यूएएन क्रमांक आणि मागील नोकरी सोडल्याची तारीख विचारलेली असते. बायोडेटात आणि अर्जात दिलेली तारीखच इथे द्या आणि नवा यूएएन काढू देऊ नका. आर्थिक वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल, तर आधीच्या कंपनीतील पगार आणि कापलेला कर यांची माहिती नव्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी द्या, म्हणजे वर्षअखेरीस एकदम मोठा कर भरावा लागत नाही. जुन्या खात्यातील पीएफ काढून घेण्याऐवजी तो नव्या खात्यात हस्तांतरित करा आणि काही आठवड्यांनी सेवेचा कालावधी जोडला गेला का, ते तपासा. पीएफच्या पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि ज्या कंपनीने राजीनामा लिहून घेतला, तिथली वर्षेही त्यात धरली जातात.